घोटा

निळकंठ पावसेचा डावा घोटा
मी काळोखातही ओळखेन.
आतल्या अंगाला कालवाच्या शिंपेची खूण, अर्ध्या बोटाएवढी,
तिच्यावर एक शीर,
दम भरला की उडायची.
अकरा वर्षं मी डावा कोपरा सांभाळला
हर्णैच्या पुळणीवर, ओहोटी मोकळी करील तेवढ्या जागेत,
आणि सरावात तो समोरून यायचा तेव्हा
डोळे, खांदे, हात काहीच बघायचो नाही.
शीर उडाली की तो आला.

पेडणेकर मास्तर शिट्टी विसरायचे,
दोन बोटं तोंडात घालायचे.
म्हणायचे, पुढचा पाय खोटं बोलतो रे,
मागच्या टाचेला विचार.

लिलाव दोन होते त्या संध्याकाळी.
त्याचा एका मोठ्या हॉटेलात,
आणि आमचा रोजचा, बंदरावर.
बैलगाड्या पाण्यात उतरलेल्या,
दुर्पदाबाय सुरमईच्या ढिगाशी उभी, कमरेला पैशांची पिशवी.
मी मोबाइल तिच्यासमोर धरला.
"कितीला गेला?"
बावीस लाख, म्हटलं.
"किलोला?"
बाया हसल्या, तीही हसली,
मग पदराने तोंड पुसून हळूच,
"घेणारा कोण? मानूस बरा हाय ना?"

रेल्वेतली नोकरी त्याने त्याच महिन्यात सोडली.
पायात बूट आले, घोट्याला पांढरी पट्टी आली.
भैरीच्या देवळासमोर पडदा लावून आम्ही बघायचो,
सगळं गाव ओरडायचं,
मी तेवढा शीर शोधत बसायचो.

तीन मोसमांत तीन रंग.
पहिला केशरी; ती जर्सी आता
जोमाचा पोरगा घालतो, होडीत डिझेल भरताना.
दुसऱ्या वर्षी तो मराठीतही
मुलाखतीसारखं बोलायला लागला.
फोनवर म्हणाला, "आमची प्रोसेस चांगली चाललीय."
मी म्हटलं, जेवलास?
तिसऱ्या वर्षी एका सामन्यात अठरा गुण.
ते सांगायला नको, ते सगळ्यांना पाठ आहे.

चौथ्या मोसमात, लखनौला,
तिसरी चढाई, सहा सेकंद बाकी.
समोरच्या कोपऱ्यातल्या हरियाणाच्या पोराने
घोटा धरला.
चांगला धरला, खोटं का बोलू,
टाच सुटायच्या आधी, दोन्ही हातांनी, छाती जमिनीला.
मीही तसाच धरला असता.
गुडघा मात्र वेगळ्याच दिशेला गेला.
आवाज आला असणार.
पडद्यावर गाणं वाजत होतं.

पुढच्या लिलावात त्याचं नाव पुकारलं,
कॅमेरा टेबलांवरून फिरला,
एकाने पाण्याची बाटली उघडली,
आणि पुढचं नाव.
दुर्पदाबायने त्या दिवशी काही विचारलं नाही.
बोंबलाच्या जबड्यात बोंबलाचा जबडा अडकवून
वळंडीवर टाकत राहिली,
रात्री बॅटरी लावूनसुद्धा.

आता तो इथेच आहे.
भावाच्या होडीत हिस्सा घेतलाय,
संध्याकाळी पोरांना शिकवतो.
परवा टाचेने वाळूत मधली रेघ ओढली,
निदान रेषा ओढली,
बोनसची ओढता ओढता थांबला,
माझ्याकडे बघून म्हणाला, "ये. आणि खोटं खोटं नको धरू."

चाळिशीला आलेला माझा कोपरा.
तो आला.
शीर उडाली होती, एवढ्या वर्षांनी, तशीच,
आणि मी धरला:
खूण अंगठ्याखाली नेमकी,
हाड पूर्वीपेक्षा वर आलेलं, कातडी थंड.
तो ओढतोय, मी वाळूत फरफटतोय,
पोरं ओरडतायत, त्याचा दम चालूच,
कबड्डी कबड्डी, बारीक, न तुटता,
रेघेपासून हातभर.

तेवढ्यात बंदरावर कुणीतरी बोली पुकारली,
पापलेटची असेल, कसलीही असेल,
पहिला आकडा ऐकू आला
आणि त्याने मान वर केली.